शलमोन राजा घसरला कसा: घरच्या बायबल वर्गात हा विषय कसा घ्यायचा

शलमोनाचा, म्हणजे इस्राएलचा जुना राजा आणि दाविद राजाचा मुलगा, त्याचा विषय निघाला की बहुतेक वर्गांत एकच प्रकार होतो. कोणीतरी 1 राजे 11 (बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 11वा अध्याय) उघडतं, 700 राण्या आणि 300 उपपत्नी हा आकडा मोठ्याने वाचला जातो, पुरुष मंडळी हसतात, बायका एकमेकींकडे बघतात, आणि वर्ग घेणारा "बघा, बायकांच्या नादाला लागला आणि गेला" असं म्हणून शेवटची प्रार्थना करतो, की आला चहा. अर्ध्या तासात राजा पडला पण आणि आपण घरी पण.

हे असं करू नका एवढंच सांगायला मी हे लिहितोय. ज्या माणसाच्या नावावर 3000 नीतिसूत्रं आणि 1005 गीतं आहेत (1 राजे 4:32), ज्याला देवाने काय पाहिजे ते माग म्हटल्यावर त्याने आयुष्य नाही, पैसा नाही, लोकांचा न्याय करायला शहाणं मन मागितलं, तो एका अध्यायात पडत नाही. 11वा अध्याय हा निकाल आहे, पेपर त्याने 3 ते 10 मध्येच लिहिलाय. म्हणून चार संध्याकाळी काढा. वसईकडे आमच्या आळीत जसे ओटीवर दहाबारा माणसं जमून वर्ग होतात तेवढ्या ग्रुपला हे बरोबर जमतं, त्याहून मोठा घोळका असेल तर दोन घरांत वाटून घ्या.

टायमिंगचं आधी बोलतो कारण तिथेच निम्मे वर्ग मरतात. जून-जुलै चांगला. यांत्रिक बोटी बंद असतात त्यामुळे पाचूबंदर-नायगावची मंडळी पण घरी सापडतात, वाडीत पण पावसामुळे संध्याकाळची कामं कमी. रात्री साडेआठच्या आधी ठेवू नका, विरार लोकलने येणारा माणूस तोवर घरी पोचून हातपाय धुवून बसलेला पाहिजे, नाहीतर तो येतो आणि झोपतो, त्याचा काय दोष. सामान काय, तर प्रत्येकाला एक वही, पेन, आणि जुन्या कॅलेंडरचा एक मोठा कागद, त्याची कोरी बाजू भिंतीला लावायची. बायबल कुठलंही चालेल. जुनं पवित्र शास्त्र ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल ठेवा, एकाने हे वाचायचं दुसऱ्याने ते, म्हातारी माणसं जुन्याच शब्दांना हो म्हणतात आणि पोरांना नवं कळतं. मोबाईलवरचं बायबल पहिल्या संध्याकाळी नको, का ते पुढे येतंच.

पहिल्या संध्याकाळी शलमोनाचं नावच काढायचं नाही. अनुवाद (बायबलमधल्या पाचव्या पुस्तकाचं नाव) 17, ओव्या म्हणजे वचनं 14 ते 20 उघडायच्या आणि सगळ्यांनी हाताने वहीत उतरवायच्या. फोटो नाही, कॉपी-पेस्ट नाही, हाताने. सात ओव्या आहेत, लिहायची सवय गेलेल्या माणसाला पण वीस-पंचवीस मिनिटांत होतात. ज्या आजीला लिहिता येत नाही तिच्या शेजारी नातवाला बसवा, आजीने ऐकायचं आणि त्याने लिहायचं. पोरं कुरकुरतील की काय शाळा लावलीय, कुरकुरू द्या.

त्या सात ओव्यांत आहे काय, तर इस्राएलात पुढे कधी राजा झाला तर त्याने काय करायचं नाही त्याची यादी. घोडे फार वाढवायचे नाहीत आणि घोड्यांसाठी लोकांना परत मिसर देशात, म्हणजे इजिप्तला, पाठवायचं नाही. बायका फार करायच्या नाहीत, नाहीतर मन भरकटेल. सोनंरुपं फार साठवायचं नाही. आणि एक करायची गोष्ट, की गादीवर बसल्यावर या नियमशास्त्राची प्रत त्याने स्वतःसाठी लिहून घ्यायची, जवळ ठेवायची आणि जन्मभर रोज वाचायची, का तर आपल्या भाऊबंदांपेक्षा आपण मोठे असं त्याच्या मनात येऊ नये. ही शेवटची ओळ दोनदा वाचायला लावा. आता कळलं ना हाताने का लिहायला लावलं, जे काम राजाला सांगितलं होतं ते आपण ओटीवर बसून केलं. शलमोनाने अशी प्रत लिहिली असं राजांच्या पुस्तकात कुठेही येत नाही. नाही लिहिली असंही येत नाही, तेव्हा यावर कोणी भाषण ठोकायला लागलं तर थांबवा. त्या दिवशी एवढंच, घरी जा म्हणायचं.

दुसरी संध्याकाळ मोठी आहे, चहा मध्येच घ्या.

भिंतीवरच्या कागदावर चार रकाने आखा: घोडे, मिसर, बायका, सोनं. मग 1 राजे 3 ते 10 हे आठ अध्याय दोघादोघांत वाटून द्या, पंधरा मिनिटं शांत वाचायचं आणि आपल्या अध्यायात या चारपैकी काही सापडलं की उठून रकान्यात ओवीचा नंबर टाकायचा. टीकाटिप्पणी नाही, फक्त नोंद. कागद भरतो कसा ते बघण्यासारखं असतं.

3ऱ्या अध्यायाची पहिलीच ओवी, फारोची म्हणजे मिसरच्या राजाची मुलगी शलमोनाने बायको केली. मिसर आणि बायका दोन्ही रकान्यांत एकदम टिक, आणि गिबोनातलं ते प्रसिद्ध स्वप्न, ज्यात देव काय पाहिजे ते माग म्हणतो, ते अजून व्हायचंय हं, ते त्याच अध्यायात 5व्या ओवीपासून. म्हणजे शहाणपण मागायच्या आधीच सोयरीक जमलेली होती. ही सोयरीक वाईट दिसते का, अजिबात नाही, त्या काळचा कुठलाही सल्लागार वा वा म्हणाला असता, मिसरासारखं राज्य सासरवाडी झालं, सीमेवर शांतता, आणि वर सासऱ्याने गेजेर शहर मुलीला आंदण दिलं (9:16). 4थ्या अध्यायात त्याच्या घरचा रोजचा शिधा दिलाय, दिवसाला 10 धष्टपुष्ट बैल, 20 कुरणातले बैल, 100 मेंढरं, त्याशिवाय हरणं आणि पक्षी, आणि हे पुरवायला देशाचे 12 भाग पाडून एकेका कारभाऱ्याकडे वर्षाचा एकेक महिना दिलेला. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणून कोणीतरी विचारेल, तर कागदाच्या खाली "लोक" असा पाचवा रकाना काढा, पुढे तो सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. त्याच रकान्यात 5वा अध्याय जातो, मंदिरासाठी वेठीला धरलेले 30,000, दर महिन्याला 10,000 लबानोनात लाकडं तोडायला, एक महिना तिकडे आणि दोन महिने घरी, शिवाय 70,000 ओझी वाहणारे आणि 80,000 डोंगरात दगड फोडणारे.

6व्याच्या शेवटी मंदिराला 7 वर्षं लागली असं येतं आणि 7व्याची सुरुवात अशी की स्वतःचा वाडा बांधायला 13 वर्षं. लिहिणारा यावर एक शब्द बोलत नाही, दोन आकडे शेजारी ठेवतो आणि पुढे जातो. इथे कोणी म्हणेल वाडा मोठा होता, कोर्टकचेरी पण त्यातच होती, तर ते पण खरंय, ऐकून घ्या. 8वा अध्याय मात्र पटकन उरकू नका, मंदिराच्या समर्पणाची त्याची प्रार्थना खरोखर मनापासूनची आहे, परका माणूस दुरून येऊन इथे प्रार्थना करील तर त्याचं पण ऐक असं तो देवाला म्हणतो. ही प्रार्थना करणारा ढोंगी होता असं समजलं तर सगळा धडाच बिघडतो, कारण मग तो आपल्यासारखा राहत नाही, आपण सुटलो. 9व्यात देव दुसऱ्यांदा दर्शन देतो आणि अट स्पष्ट घालतो. त्याच अध्यायात सोरच्या हीराम राजाला गालीलातली 20 गावं देऊन टाकलेली आहेत, आणि हीरामाला ती आवडली पण नाहीत.

10वा अध्याय म्हणजे सोनंच सोनं. शबाच्या राणीने 120 किक्कार दिलं, एका वर्षाची आवक 666 किक्कार. एक किक्कार साधारण 34 किलो धरला तर 22 टनांच्या वर जातं, पोरांना कॅल्क्युलेटरवर करायला द्या, त्यांना मजा येते. सोन्याच्या ढाली, हस्तिदंती सिंहासनाला सोन्याचा मुलामा, आणि रुपं तर काय, यरुशलेमात दगडासारखं झालं होतं. शेवटी 1400 रथ, 12,000 स्वार, आणि घोडे कुठून तर मिसरातून, नुसते आणले नाहीत तर हित्ती आणि अरामी राजांना विकायचा धंदा पण केला, रथाला 600 रुपये आणि घोड्याला 150. म्हणजे वजनाने तोललेलं रुपं हं, आपले रुपये नाहीत, कोणीतरी विचारतंच. चारही रकाने भरले आणि 11वा अध्याय अजून उघडलेला पण नाही.

एक सावधगिरी. तबेल्यांचा आकडा 1 राजे 4:26 मध्ये 40,000 आहे आणि 2 इतिहास 9:25 मध्ये 4,000, हे एखाद्या हुशार पोराच्या लक्षात येईलच. हाताने नकला करताना आकडा इकडचा तिकडे झाला असावा असं अभ्यासक म्हणतात, तेवढं सांगा आणि पुढे चला. दुसरी सावधगिरी सोपाऱ्याची. शलमोनाची जहाजं ओफीरहून सोनं आणायची, ते ओफीर म्हणजे आपलं नालासोपारा असं काही जुन्या अभ्यासकांनी मांडलंय, आणि वसईत हे नाव निघालं की संपलं, सगळे इतिहाससंशोधक होतात. सिद्ध काही झालेलं नाही, कोणी अरबस्तान म्हणतं कोणी आफ्रिका. भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला, अशोकाचे शिलालेखाचे तुकडे पण तिथे मिळालेत, पण तो काळ शलमोनाच्या नंतर साधारण 700 वर्षांचा. मला स्वतःला तो विषय फार आवडतो, पण त्या संध्याकाळी नको.

शेवटी सगळ्यांना कागदाकडे बघायला सांगून एकच प्रश्न विचारा: यातली कुठली गोष्ट ज्या दिवशी झाली त्या दिवशी चूक वाटली असती? कोणाला पटकन बोट ठेवता येत नाही. आपल्याकडच्या विहिरी खाऱ्या झाल्या तेव्हा जसं झालं, पंप वाढले, टँकर भरून जात राहिले, आणि कुठल्या दिवशी पाणी बिघडलं ते आज कोणाला सांगता येत नाही, तसंच हे. सगळा शहाणा कारभार होता आणि प्रत्येक निर्णय त्या सात ओव्यांपैकी एकीला घासून गेलेला होता.

तिसऱ्या संध्याकाळी 11वा अध्याय, आणि तो हळू. पहिल्या आठ ओव्या एकाच माणसाने वाचायच्या. 4थी ओवी आली की थांबा, तो म्हातारा झाला तेव्हा त्याचं मन फिरलं असं तिथे आहे. जवानीत नाही. वर्गात साठीच्या पुढची जी मंडळी "आता आपलं काय राहिलंय" म्हणून आरामात बसलेली असतात त्यांच्यासाठी ही ओवी आहे. मग सीदोन्यांची अष्टोरेथ, अम्मोन्यांचा मिलकोम, मवाबाचा कमोश, आणि यरुशलेमासमोरच्या डोंगरावर या देवांसाठी बांधलेली उच्चस्थानं, म्हणजे उंचावरच्या पूजेच्या जागा. त्याने परमेश्वराचं मंदिर पाडलं नाही, बंद पण केलं नाही. ते चालूच होतं, समोरच्या डोंगरावर बाकीच्यांची सोय झाली एवढंच. 9व्या ओवीत देव रागावला त्याचं कारण दिलंय की या माणसाला त्याने दोनदा दर्शन दिलं होतं, जास्त मिळालेल्याचा हिशोब जास्त.

इथे दोन ठिकाणी गाडी घसरते, आधीच सांभाळा. पहिलं म्हणजे बायकांवर ढकलणं. कोणीतरी सासूबाई परजातीतल्या सुनेवर घसरेल, नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं. तेव्हा शांतपणे रूथचं पुस्तक काढा. रूथ मवाबी होती आणि दाविदाची पणजी होती, म्हणजे शलमोनाच्या रक्तातच परदेशी बाई आहे आणि बायबलला तिचा अभिमान आहे. जन्म कुठला हा मुद्दाच नव्हता, मन कोणाचं कोणाकडे वळलं हा होता, आणि उच्चस्थानं बांधायचा हुकूम राजाचा होता, राणीचा नव्हे. दुसरं म्हणजे शेजाऱ्यांचे देव. आपण कोकणात राहतो, गणपतीत शेजाऱ्याकडे जातो, ते नाताळात आपल्याकडे येतात. हा अध्याय शेजाऱ्याविषयी नाही, ज्याने स्वतः देवाशी करार केला होता त्या माणसाविषयी आहे, आणि 8व्या अध्यायातली परक्या माणसासाठीची प्रार्थना पण त्याचीच आहे हे विसरायचं नाही. ओटीवरून ऐकू जाईल असं काहीबाही बोलणाऱ्याला मी तरी सरळ गप्प करतो. आणि मुसलमान मित्र बसलेला असला तर त्याला बोलू द्या, त्यांच्यात सुलेमान, म्हणजे आपला शलमोनच, हे पैगंबर आहेत आणि सुलेमानांनी कुफ्र (देवाला नाकारणं) केला नाही असं कुराणात स्पष्ट आहे, तो हे सांगणारच. वाद घालायचा नाही, आपल्या पुस्तकात काय लिहिलंय ते आपण वाचतोय एवढं पुरे.

उरलेला अध्याय शत्रूंचा. अदोमी हदाद, दिमिष्काचा रजोन, आणि तिसरा यराबाम. पहिले दोघे बाहेरचे, पटकन वाचा. यराबामावर थांबा कारण तो "लोक" रकान्यातून आलेला आहे, कामाला चपळ बघून शलमोनानेच त्याला योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर मुकादम नेमलं होतं (11:28). अहीया संदेष्टा नव्या अंगरख्याचे 12 तुकडे करतो आणि 10 त्याच्या हातात देतो, म्हणजे 12 पैकी 10 वंशांचं राज्य तुझं. मग शलमोन काय करतो, पश्चात्ताप? नाही, यराबामाला मारायला बघतो, आणि तो पळून जातो मिसरला. परत मिसर. चारशे ओव्या लिहून झाल्या तरी त्या देशाचं नाव सुटत नाही.

शलमोन शेवटी वळला का हे कोणीतरी विचारणारच. उपदेशकाचं पुस्तक म्हणजे त्याचं म्हातारपणीचं कबुलीपत्र असं मानायची जुनी परंपरा आहे. राजांचं पुस्तक मात्र गप्प आहे, आणि 2 इतिहास तर 11व्या अध्यायातलं पतन सांगतच नाही, 9व्यात शबाची राणी, सोनं, घोडे आणि एकदम मरण. दाविदाचं "मी पाप केलंय" हे लिहिलेलं सापडतं, मनश्शेसारख्या वाईट राजाचं पण 2 इतिहास 33 मध्ये सापडतं, याचं सापडत नाही. उत्तर देऊ नका, दोन्ही बाजू सांगा आणि राहू द्या तसंच.

त्या रात्री घरी जाताना पोरांना एक गणित द्या. 1 राजे 11:42 प्रमाणे शलमोनाने 40 वर्षं राज्य केलं. 14:21 प्रमाणे त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसला तेव्हा 41 वर्षांचा होता आणि त्याची आई नामा अम्मोनी होती. उत्तर पोरं स्वतःच आणतात: शलमोन राजा व्हायच्या आधीच अम्मोनी बायको घरात होती. ज्या मिलकोमासाठी म्हातारपणी उच्चस्थान उभं राहिलं तो तिच्याच माहेरचा.

चौथी संध्याकाळ स्वतःची, आणि इथे वर्ग घेणाऱ्याने कमीत कमी बोलायचं. पहिल्या दिवशीची वही उघडा. प्रत्येकाने आपले रकाने काढायचे, कोणाला दाखवायचे नाहीत. घोडे म्हणजे कशाच्या जोरावर मला सुरक्षित वाटतं, ओळखीचा नगरसेवक, बँकेतली एफडी, परदेशातला मुलगा, काहीही. मिसर म्हणजे जिथून देवाने मला बाहेर काढलं आणि मी धंद्यासाठी परत चक्कर मारतोय ती जागा, दारू सुटलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बायका हा रकाना शब्दशः घेऊन सुटका करून घेऊ नका, कोणाचं मन राखायला मी काय काय कबूल करतोय असा प्रश्न ठेवा. सोनं म्हणजे आमच्या इथे सरळ जमीन. वाडी विकली, फ्लॅट आले, पैसा आला, यात पाप काही नाही, पण सख्ख्या भावाशी बोलणं बंद झालंय का ते लिहा. आणि "लोक": माझ्या मोठेपणाचं ओझं कोण वाहतंय, वाडीतला आदिवासी मजूर, घरातली सून, दुकानातला पोरगा, त्याचा पगार वेळेवर जातो का. हा रकाना भरताना लोक सगळ्यात जास्त वेळ पेन चावत बसतात.

मग 12व्या अध्यायाच्या पहिल्या 16 ओव्या वाचा, लोक रहबामाकडे एकच मागणं घेऊन येतात, बापाने लादलेलं जू हलकं कर. देवळाबद्दल, मूर्तींबद्दल कोणी बोलत नाही, वेठीबद्दल बोलतात. म्हातारे सल्लागार हो म्हण म्हणतात, पोरसवदा दोस्त म्हणतात दाखव त्यांना, आणि 10 वंश निघून जातात.

ज्यांना पुढे वाचायचंय त्यांना 2 राजे 23:13 द्या. शलमोनाने बांधलेली ती तिन्ही उच्चस्थानं शेवटी योशीया राजाने बाटवून मोडली, साधारण 300 वर्षांनी. मधल्या काळात हिज्कीयासारखे चांगले राजे येऊन गेले तरी ती डोंगरावर होतीच.

वह्या गोळा करू नका, ज्याची त्याच्याकडे राहू दे. पुढच्या महिन्यात वर्ग चालू ठेवायचा असेल तर 12:26 पासून यराबाम घ्या, त्याला पण अहीयाने शब्द दिला होता, आणि त्याने काय केलं तर पूजेसाठी सोन्याची दोन वासरं. चहा मात्र त्या घरचा नको, दुसऱ्या घराला सांगा, एकाच माऊलीवर चारही वेळा दहाबारा कप टाकायचे म्हणजे ती पण वेठच झाली.